शेवटचं वाक्य गसीचं

सॉल पिंचकनं जेवणाच्या आधीच चीजकेक मागवला, तेव्हाच गसी फिंकलनं ओळखलं की हा काहीतरी नासकं बोलणार आहे.

पोटात गोड गेलं की समोरचं माणूस आरडाओरडा करत नाही, असं सॉलचं मत होतं. दुसऱ्या बायकोला घटस्फोटाची बातमी त्यानं चीजकेकवरच दिली होती. तिनं तो बशीसकट त्याच्या डोक्यावर पालथा घातला, पण आरडाओरडा केला नाही, हे सॉल अजून अभिमानानं सांगायचा.

ग्लुकच्या खाणावळीत दुपारी सगळे जुने नट बसलेले असायचे. ज्यांना काम होतं ते पास्ट्रामीचं महागडं मांस खायचे, ज्यांना नव्हतं ते फुकटच्या खारवलेल्या काकड्या चघळायचे. कुणाचं कसं चाललंय हे विचारायची गरज नसे, ताटात डोकावलं की झालं.

"गसे, तू बारीक झालीस," सॉल म्हणाला.

"सॉल्या, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय ते ओक."

"टेलिव्हिजनवाले तयार झालेत. दर मंगळवारी, संध्याकाळी आठला. आपला ट्रंकेचा खेळ."

"मग तोंड असं का? कुणी मेलं का?"

"तोंडाला काय झालंय माझ्या? हसतोय की मी."

"सॉल्या, चीजकेक आलाय टेबलावर."

सॉलनं काट्यानं चीजकेकचा कोपरा तोडला, पुन्हा जागेवर चिकटवला. "पैसे देणारे साबणवाले म्हणतात, ट्रंक तीच ठेवू. सॉल तोच ठेवू. फक्त बायको नवी आणू."

"पुन्हा लग्न करतोस? घरी लिलियनला सांगितलंस का?"

"तसली बायको नव्हे गं! ही बायको. आपली. म्हणजे तू."

गसीनं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला.

आता हे सांगायला हवं की गसी आणि सॉल यांचं लग्न कधीच झालेलं नव्हतं. पण ते साऱ्या अमेरिकेला कुणी सांगावं? आधी नाटकघरांत आणि मग रेडिओवर हे दोघं इतकी वर्षं नवराबायको म्हणून भांडत होते, की लोकांनी त्यांचा संसार मनातल्या मनात थाटून दिला होता. सॉल आपल्या खऱ्या बायकोला घेऊन हॉटेलात गेला, की शेजारच्या टेबलावरच्या बायका त्याच्याकडे डोळे वटारायच्या. एकीनं तर पावाचा तुकडा फेकून मारला होता. "लाज नाही वाटत? घरी गसी वाट बघत असेल!" आणि गसीचा नवरा मॅक्स, फरचे कोट शिवणारा गरीब माणूस, त्याला कोपऱ्यावरच्या खाटकानं एकदा बाजूला घेऊन समजावलं होतं, की बाबा, दुसऱ्याच्या बायकोबरोबर राहतोस, हे बरं नव्हे. मॅक्सनं मान खाली घालून कलेजी घेतली आणि घरी आला. तो जाऊन आता चार वर्षं झाली होती.

"माझ्या नाकाबद्दल बोलले असतील," गसी म्हणाली.

"एक शब्द काढला नाही त्यांनी तुझ्या नाकाबद्दल. देवाशपथ."

"मग?"

"दोन काढले. 'नको बाबा' म्हणाले."

गसीला हसू आलं. वाक्य चांगलं होतं आणि सॉलनं बरोबर जागी टाकलं होतं. हसू आल्याचा तिला रागही आला.

"आणि तू काय म्हणालास?"

"भांडलो की! त्यांनी विचारलं, पिंचक, तुमची हरकत आहे का? मी म्हणालो, आहे. ते म्हणाले, मग आम्ही दुसरा पिंचक शोधतो. मी म्हणालो, हरकत नाही."

गसीनं चीजकेकची बशी आपल्याकडे ओढली आणि शांतपणे सगळा खाल्ला. प्रश्न पोटाचा नव्हता. मॅक्सनं तिच्यापुरतं मागं ठेवलं होतं. प्रश्न कानांचा होता. तरुणपणापासून हे कान रोज हशा ऐकत आले होते. मंगळवारची ती संध्याकाळ काढून घेतली, की आठवड्याचे सातही दिवस नुसतं नळाचं ठिबकणं आणि वरच्या मजल्यावरच्या बाईचा पियानो. त्यावर जगणं गसीला जमणार नव्हतं, आणि हे सॉलला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर चीजकेक.

बशी पुसून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि शेवटचं वाक्य कोण म्हणणार?"

"तीच. नवी. डॉरीन नाव आहे तिचं."

"काय म्हणणार?"

सॉलनं रिकाम्या बशीकडे बघितलं. "ते... तू सांगशील ना तिला?"

गसीनं टोपी घातली, पर्स उचलली. "ट्रा-ला-ला," ती म्हणाली आणि चालू लागली.

*

या ट्रा-ला-लाची गोष्ट अशी.

व्होडव्हिलच्या काळात एका तिकिटात लोकांना दहा खेळ बघायला मिळायचे. सायकल चालवणारं अस्वल, तलवारी गिळणारा पोलंडचा माणूस, रडकी गाणी म्हणणारा जाडा आयरिश, आणि मधेच फिंकल आणि पिंचक यांची ट्रंक. जोडीत प्रश्न विचारणाऱ्याचं नाव पहिलं लागायचं आणि मूर्खासारखी उत्तरं देणाऱ्याचं दुसरं, हा धंद्याचा रिवाज. घोडा कितीही उडो, लगाम कुणाच्या हातात आहे हे धंद्यातल्यांना माहीत असे. प्रेक्षकांना नसे. लाडू गसीनं वळायचे, टाळ्या सॉलनं खायच्या.

खेळ साधा होता. नवराबायको सासूकडे निघालेत. नवऱ्यानं ट्रंक भरली, तिच्यावर बसून, नाचून, उड्या मारून कशीबशी बंद केली. बायको विचारते, तिकिटं कुठं आहेत? तिकिटं ट्रंकेत. मग ट्रंक उघडायची आणि एकेक वस्तू बाहेर. इस्त्री, तुतारी, अर्धी कोंबडी, शेजाऱ्याचं दार. शेवटी सगळा पसारा स्टेजवर, सॉल त्यात मांडी घालून बसलेला, आणि लांबून आगगाडीची शिट्टी. सॉल केविलवाण्या तोंडानं विचारायचा, "गसे, गाडी गेली. आता काय करायचं?"

यावर गसीचं शेवटचं वाक्य. ते तालमीत कधीही, कुठंही, कुणीही उच्चारायचं नाही. साऱ्या धंद्याचा हा नियम होता. तालमीत शेवटचं वाक्य बोललं की खेळ बुडतो. स्क्रँटनला एका जादूगारानं गंमत म्हणून बोललं, तर त्याच रात्री थिएटरचा मालक तिकीटविक्रीच्या पेटीसकट पळाला, आणि जादूगाराची बायकोही त्याच्याबरोबर गेली. म्हणून तालमीत सगळे त्या जागी ट्रा-ला-ला म्हणायचे.

गसीनं या नियमावर कळस चढवला होता. तिला शेवटचं वाक्य आधी माहीतच नसायचं. समोर खाणीतले मजूर असले तर एक, सुटीवर आलेले खलाशी असले तर दुसरं. "काही नाही, आई उद्या इकडेच येणार होती." किंवा, "आपलं लग्न झालंय, आपल्याला कुठं जायचंय!" ती सॉलच्या प्रश्नानंतर थांबायची, हशा कान देऊन ऐकायची, आणि त्या हशातूनच वाक्य उचलायची. कुठलं येणार हे सॉललाही कळत नसे, म्हणून त्याचं तोंड दर वेळी खरोखर पडायचं.

मग बोलपट आले, थिएटरं ओस पडली, अस्वल प्राणिसंग्रहालयात गेलं. फिंकल आणि पिंचक रेडिओवर गेले. सॉलच्या पडण्याधडपडण्याला तिथं कवडीची किंमत नव्हती. पहिल्याच कार्यक्रमात त्यानं सवयीनं पँट सोडली. समोर बसलेले दोनशे लोक लोळले, आणि घरी रेडिओपुढं बसलेल्या लाखो लोकांना कळेना की मध्येच एवढं काय झालं. त्यानंतर गसीच लोकांचे डोळे झाली. "पडलास ना त्या कोंबडीवर? ऊठ. नाही, तुतारीवर हात ठेवून नको उठूस!" देशाला तिचा आवाज आईच्या हाकेसारखा पाठ झाला. फक्त तो आवाज कसा दिसतो हे कुणाला माहीत नव्हतं. कार्यक्रमाचे पैसे साबणवाले द्यायचे. त्यांनी साबणाच्या पाकिटावर 'गसी' म्हणून एक चित्र छापलं होतं. सोनेरी केस, मुंगीसारखी कंबर, आणि नाक जेमतेम श्वासापुरतं.

आता टेलिव्हिजन आला, आणि लोकांना पाकिटावरची बाई दाखवायची वेळ आली.

*

डॉरीन केल्सी गुरुवारी दुपारी गसीच्या घरी आली. गसीनं दार उघडलं आणि साक्षात पाकीटच दारात उभं होतं.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणून दार लावून घ्यायचं गसीनं ठरवलं होतं. पण पोरीनं हातात राय धान्याचा पाव आणला होता, तोही कालचा नव्हे, आणि घाबरून तिचे कान लाल झाले होते. गसीनं तिला स्वयंपाकघरात बसवलं.

"मिसेस फिंकल, मला हे काम मिळालं, त्यात माझा काही..."

"तुझा काही दोष नाही. तुझ्या नाकाचा आहे. सूप घेतेस?"

"मला शेवटचं वाक्य कुणी देईना," डॉरीन म्हणाली. तिनं संहितेची पानं बाहेर काढली. "लेखकानं तुमच्या रेडिओच्या तालमी ऐकून हे उतरवलंय. बघा ना."

शेवटच्या पानावर स्वच्छ टाइप केलेलं होतं. सॉल: गाडी गेली. आता काय करायचं? पेगी: ट्रा-ला-ला.

"पेगी कोण?"

"मी. साबणवाले म्हणाले, गसी नाव जुनाट वाटतं."

गसीनं सुपात मीठ जरा जास्तच टाकलं.

"मिस्टर पिंचकना विचारलं तर ते अपशकुन टाळायला तीनदा थुंकले आणि खोलीबाहेर गेले," डॉरीन म्हणाली. "दिग्दर्शक मिस्टर हॅलोवे बिचारे चांगले आहेत, पण ते हातात घड्याळ घेऊन विचारतात, शेवटचं वाक्य किती सेकंदांचं? कॅमेरा कुणावर ठेवू? मी काय सांगू? ट्रा-ला-ला?"

"बरोबर आहे. तेच सांग."

"मी स्वतःच एक वाक्य तयार केलंय. म्हणून दाखवू? सॉल विचारतो, आता काय करायचं, तर मी म्हणते..."

गसीनं चुलीजवळचं फडकं उचललं आणि तिच्या तोंडावर दाबलं. "इथं नको! खाली लहान लेकरं राहतात!"

मग फडक्याआड डॉरीनला हसू फुटलं, आणि गसीलाही. ओहायोतली ही पोरगी मूर्ख नव्हती. मूर्ख असती तर गसीला फार बरं वाटलं असतं.

"ऐक," गसी म्हणाली. "वाक्य काय आहे याला महत्त्व नाही. आधी हशा ऐकायचा. दूध तापताना कसं चढतं? उतू जायच्या आधी एक क्षण असतो, तेव्हा गॅस बंद करायचा. लवकर केलास तर दूध कच्चं, उशीर केलास तर चुलीवर. तो क्षण आला की बोल. काहीही बोल."

"आणि नाही कळला तर?"

"तर सॉल्याचं वाटोळं होईल," गसी म्हणाली, आणि आपल्या आवाजातला गोडवा ऐकून तिची तिलाच शरम वाटली.

जाताना डॉरीननं टेबलावर एक पास ठेवला. मंगळवारचा, तिसऱ्या रांगेतला. "तुम्ही समोर असलात तर मला धीर येईल."

गसी हो म्हणाली नाही. पास मात्र तिनं साखरेच्या डब्याखाली ठेवला. पोरीला धीर द्यायला ती जाणारच नव्हती. सॉल्या कसा बुडतो ते बघायला जाणार होती. पोहायला येत असून काठावर बसणं हाही एक आनंद असतो.

*

मंगळवारी ती आपली सर्वांत मोठी टोपी घालून गेली, म्हणजे मागच्याला काही दिसू नये. मागं साबण कंपनीचे मिस्टर विदरबी बसले होते, हे तिला नंतर कळलं.

स्टुडिओ म्हणजे जुनं थिएटरच होतं. छताला सोनेरी देवदूत अजून लटकत होते, पण आता त्यांच्या पायांना दिवे बांधलेले. दिव्यांची धग अशी, की पहिल्या रांगेतल्या बायकांची पावडर वितळत होती. एका बाजूला टेलिव्हिजनची पेटी टांगलेली, तिच्यात घरोघरी काय दिसतंय ते दिसायचं. सगळं त्याच क्षणी देशभर जाणार, चुकलं तर चुकलं.

सॉल आला. तोंडाला फासलेल्या रंगामुळं तो अंत्यविधीच्या चांगल्या दुकानात सजवलेल्या प्रेतासारखा दिसत होता. ट्रंक तीच होती, बफेलो शहरातल्या गोदामात एक कोपरा चेचलेली. सॉल तिच्यावर चढला, घसरला, आत पडला, झाकण बसलं. लोक हसले. रेडिओच्या इतक्या वर्षांत त्याचे पाय पडायचं विसरले नव्हते. गसीला नको असताना बरं वाटलं.

डॉरीनही चांगलं करत होती. "इस्त्री कशाला घेतलीस?" योग्य जागी, योग्य वेगानं. पण थोडी घाई करत होती. प्रत्येक हशाच्या शेपटीवर पाय देत होती. गसीचा उजवा पाय खुर्चीखाली आपोआप ठेका धरत होता. थांब... थांब... आता. थांब... आता.

"अहो बाई, पाय हलवू नका," शेजारचा माणूस म्हणाला.

"तुमचं लक्ष नाटकात असू द्या," गसी म्हणाली.

कोंबडी बाहेर आली, तुतारी आली, शेजाऱ्याचं दार आलं. पसारा झाला. सॉल त्यात मांडी घालून बसला. लांबून शिट्टी वाजली. सॉलनं मान वर केली, तोंड केविलवाणं केलं, आणि जन्मभराची सवय ती, एका आठवड्याच्या तालमीनं थोडीच जाते?

"गसे," तो म्हणाला, "गाडी गेली. आता काय करायचं?"

डॉरीननं उघडलेलं तोंड मिटलं. पेगीला कुणी विचारलंच नव्हतं.

सॉलला आपण काय बोललो ते कळलं. ते कळताना त्याच्या तोंडावर जे जे झालं ते गसी टांगलेल्या पेटीत बघत होती. आधी भुवया वर गेल्या. मग डोळे डॉरीनकडे वळले आणि चोरासारखे परत आले. मग हनुवटी लोंबली. हा अभिनय नव्हता. साठ वर्षांच्या माणसाला भर रस्त्यात आपली पँट घरी राहिल्याचं आठवावं, तसं ते तोंड होतं. वर काचेच्या खोलीत घड्याळ घेऊन बसलेल्या हॅलोवेनं इथं शहाणपणा केला. घाबरून कॅमेरा दुसरीकडे वळवला नाही. उलट तो हळूहळू पुढं आणवला. पेटीभर सॉलचं तोंड झालं.

उजवीकडे कुणीतरी फुसकन हसलं. मग एक बाई. मग ती रांग. हशा मागं पसरला, पुन्हा पुढं आला. रेडिओवर अशी शांतता पडली असती तर लोकांनी पेटीला थपडा मारल्या असत्या. इथं शांततेलाच चेहरा होता, आणि लोक त्या चेहऱ्याला हसत होते. वाक्य नाही, गसी नाही, तरी हसत होते.

गसीनं टोपी दोन्ही हातांनी खाली ओढली. म्हणजे हे माझ्याशिवायही होतं? एवढ्यासाठी का मी जन्म घालवला?

तोंड उघडायचं नाही असं ती ठरवून आली होती. पण हशा चढत होता. आपल्या माणसाचा हशा होता, आपल्या ट्रंकेचा, आणि पिकलेला हशा कुणी कापायला नाही म्हणून डोळ्यांदेखत वाया जाणार होता. आणखी जरासा चढला. आता उतू जाणार. गसी उठून उभी राहिली, टोपीसकट.

"मला काय विचारतोस, मेल्या?" ती ओरडली. "त्या नवीला विचार!"

तो आवाज अख्ख्या देशाच्या ओळखीचा होता. मग जे झालं त्याला हशा म्हणणं बरोबर नाही. देवदूताच्या पायाचा एक दिवा निखळून खाली लोंबला. सॉलनं तिसऱ्या रांगेकडे बघितलं, टोपी बघितली, आणि एक शब्द न बोलता ट्रंकेत शिरून आतून झाकण ओढून घेतलं. पडदा पडला.

*

मिस्टर विदरबी विंगेत आले तेव्हा त्यांचा चेहरा बीटाच्या सुपासारखा झाला होता. अर्धा राग, अर्धं हसून हसून.

"मिसेस फिंकल, तुम्ही आमचा साबण बुडवलात! टेलिफोन वाजायचे थांबत नाहीत. अर्ध्या बायका रडून विचारतायत, सॉलनं गसीला कधी सोडलं? उरलेल्या अर्ध्या म्हणतायत, पुढच्या मंगळवारी गसीनं त्याला बडवलंच पाहिजे. आमचा साबण घरंदाज साबण आहे. एका कार्यक्रमात दोन बायका चालायच्या नाहीत!"

"मग एक कमी करा," गसी म्हणाली. "माझी ना नाही."

डॉरीन ट्रंकेवर बसून बूट काढत होती. ट्रंकेत अजून सॉल होता. "पण मिस्टर विदरबी," ती म्हणाली, "हे दोघं ट्रंक घेऊन निघालेत कुणाकडे? माझ्या आईकडे ना? ती आई तर कधी कुणाला दिसलीच नाही."

हॅलोवे वरून धावत आला होता, त्यानं घड्याळ खिशात ठेवलं. विदरबी गसीकडे बघू लागले, आधी टोपीकडे, मग नाकाकडे. त्यांच्या तोंडावर पहाट झाली.

"सासू!" ते म्हणाले.

"अहो, रेडिओवर मी पंधरा वर्षं याची बायको होते!"

"लोक महिनाभरात विसरतील, बाई. सासूला हे नाक शोभतं. किंबहुना हवंच."

ट्रंकेचं झाकण उघडलं. सॉलचं डोकं बाहेर आलं. "सासू? अहो, ही माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे!"

"तू आत जा," गसी म्हणाली, आणि तो आत गेला.

ती पसाऱ्यातल्या शेजाऱ्याच्या दाराला टेकली. मॅक्सला आणि तिला मूल झालं नव्हतं. मूल न होताच एकदम सासू. घरी नळ ठिबकत असेल. वरची बाई पियानो बडवत असेल. बायको म्हणून आता तिला कुणी बघणार नव्हतं, हे काही खोटं नव्हतं, आणि ते तिला टोचलंच. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं, तर बायकोचं जगात कोण ऐकतं? सासू दारात आली की लोक खुर्ची सोडून उठतात.

"माझ्या अटी आहेत," ती म्हणाली. "पहिली, नाव गसी. पेगीची आई गसी. दुसरी, शेवटचं वाक्य माझं, आणि ते तालमीत मला कुणी विचारायचं नाही. घड्याळवाल्यानंसुद्धा."

"पण मिसेस फिंकल," हॅलोवे कळवळून म्हणाला, "कॅमेरा कुठं ठेवायचा हे तरी..."

"आज कुठं ठेवलास?"

"मिस्टर पिंचकच्या तोंडावर."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. तिथून हलवायची हिंमत झाली नाही."

"मग तिथंच ठेवत जा. तुझ्या हाताला गुण आहे, पोरा. विदरबी, तिसरी अट. माझं चित्र पाकिटावर. या नाकासकट."

विदरबींना ठसका लागला. तासभर घासाघीस झाली. शेवटी पाकिटाच्या मागच्या बाजूवर तोडगा निघाला, लोकरीचे कपडे कसे धुवावेत त्या सूचनांच्या खाली. गसी म्हणाली, चालेल, धुणाऱ्या बायका मागचीच बाजू वाचतात.

ट्रंकेवर आतून टकटक झाली. "गसे, मी बाहेर येऊ का?"

"चीजकेक देणार असशील तर ये."

पुढच्या सोमवारी तालीम होती. ट्रंक रिकामी झाली, शिट्टी वाजली. शेजाऱ्याच्या दारातून गसी आपली मोठी टोपी घालून आत आली. सॉल पसाऱ्यात मांडी घालून बसला होता. त्यानं मान वर केली. 'गसे' ओठांवर आलं, ते त्यानं गिळलं.

"सासूबाई," तो म्हणाला, "गाडी गेली. आता काय करायचं?"

वरून भोंग्यातून हॅलोवेचा आवाज आला. "मिसेस फिंकल, वाक्य नका सांगू. फक्त छोटं की मोठं, तेवढंच..."

गसीनं डॉरीनकडे बघितलं. डॉरीननं हळूच तीनदा थुंकल्यासारखं केलं.

"ट्रा-ला-ला," सासूबाई म्हणाल्या, आणि सॉलचं तोंड सुखानं पडलं.